पहाटेची धाव आणि गावची शिदोरी

परंड्याहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास कोणी उभा राहिला, तर त्याला अंधारातून येणारा पावलांचा आवाज आधी ऐकू येतो आणि माणसे मागाहून दिसतात. आठ-दहा मुलांचा एक जथा, त्याच्या मागे पाच-सहा मुलींचा दुसरा. कोणाच्या पायांत बरे बूट, तर कोणाच्या पायांत दोनदा शिवून घेतलेले. त्यांच्यातील एखादा हातातील घड्याळ पाहून मोठ्याने वेळ सांगतो आणि मागे पडलेला एखादा दम टाकीत पुढच्यांना गाठण्याचा प्रयत्न करतो. ही मुले हौसेने धावत नाहीत. ती धावतात पोलीस भरतीसाठी. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर एवढे अंतर ठरलेल्या वेळात कापावे लागते. त्या थोड्या सेकंदांच्या फरकावर एका घराचा पुढील तीस वर्षांचा हिशेब अवलंबून असतो.

प्रस्तुत लेखक गेली कित्येक वर्षे हे दृश्य पाहत आला आहे. यातील काही मुले दुपारच्या तासाला वर्गात समोर बसलेली असतात आणि मागणीचा नियम समजावून घेताघेता त्यांचे डोळे मिटू लागतात. त्यांना रागे भरण्याचे धैर्य होत नाही. मात्र अर्थशास्त्राच्या शिक्षकाला एक खोड असते. कोठे श्रम खर्च होताना दिसले, की त्यातून काय निपजते, हे तो पाहू लागतो. या पहाटेच्या श्रमांचा हिशेब मांडला तर काय दिसते?

शंभरात एक

राज्यात २०२४ साली झालेल्या पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे ढोबळ मानाने शंभर अर्जांमागे एक जागा. ज्या तरुणाला ती जागा मिळते त्याचे श्रम सार्थकी लागले. उरलेल्या नव्याण्णव अर्जांमागील पहाटे कोठे गेल्या, हे कोणी विचारीत नाही. वयोमर्यादा उलटली, की ही मुले धावणे सोडतात. चार-पाच वर्षे अखंड पाळलेली शिस्त, वेळेवर उठण्याची सवय, एकमेकांना ओढून नेण्याची वृत्ती हे सारे भांडवल एका दिवसात मोडीत निघते. कारण त्या भांडवलाला दुसरे कोणतेही गिऱ्हाईक गावात तयार झालेले नसते.

आता याच गावातील आणि तालुक्यातील दुसरे दृश्य पाहावे. ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडला, की या भागातील अनेक घरांना कुलपे लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता साखर कारखान्याच्या वाटेला लागतो. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि कधीकधी त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. वस्ती गावापासून दूर. रास्त भावाचे धान्य दुकान गावात. दुकानात पोचले तरी ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटेलच असे नाही. जन्मभर खुरपे आणि विळा धरलेल्या बोटांवरील रेषा पुसट झालेल्या असतात. त्या खेपेला धान्य मिळाले नाही, तर ती म्हातारी शेजारणीकडून उसने पीठ आणते आणि शेजारीण नसली, तर चहावर दिवस काढते. वर्तमानपत्रात याची बातमी होत नाही, कारण यात घडत काहीच नाही.

एकीकडे दररोज पाच-सात किलोमीटर धावून जागच्या जागी परत येणारे पाय आणि दुसरीकडे पाच-सात किलोमीटर चालवत नाही म्हणून उपाशी राहणारी माणसे. या दोहोंची सांगड घालता येणार नाही काय, हाच या लेखाचा विषय आहे.

धान्य आहे, वाट नाही

आपल्या पिढीतील अनेकांच्या मनात भूक म्हणजे १९७२ चा दुष्काळ, हे समीकरण वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणींमुळे पक्के बसले आहे. खडी फोडणारी गावेच्या गावे, मिलोची लालसर भाकरी, मुलांच्या हातांवर पडणारी सुकडी. त्या संकटात १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. वि. स. पागे यांच्या विचारातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला त्यानंतर १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात जे प्रतिपादन केले, ते महाराष्ट्राने अनुभवाने आधीच ओळखले होते: माणसे उपाशी राहतात ती बाजारात धान्य नसते म्हणूनच असे नव्हे, तर त्या धान्यावर हक्क सांगण्याची ऐपत त्यांच्यापाशी उरलेली नसते म्हणून.

आज परिस्थिती पालटली आहे. अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ साली झाला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळण्याचा अधिकार त्याने दिला. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ते मोफत देण्याचा निर्णय झाला. ही सामान्य गोष्ट नव्हे आणि तिला कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु पाच किलोला तीस दिवसांनी भागले, तर दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम धान्य येते. त्यातून पावणेसहाशेच्या आसपास उष्मांक मिळतात. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तेव्हा माणशी रोज २२५० उष्मांक हे किमान माप धरले होते. म्हणजे शिधापत्रिकेवरचे धान्य पूर्ण मिळाले, तरी ताटाचा पाव हिस्साच भरतो. डाळ, तेल, शेंगदाणे, भाजी ही ज्याची त्याने पाहायची. ज्याला मजुरीला जाता येते तो ती पाहतो; ज्याला जाता येत नाही, त्याचे ताट तसेच राहते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. आजची भूक ही गावावर कोसळणारी भूक नाही. ती घराघरांत विखुरलेली, एकेकट्याची भूक आहे. आणि तिच्यावरील उपाय अडतो तो बहुधा धान्यापाशी नव्हे, तर दुकान आणि दार यांच्यामधील शेवटच्या वाटेपाशी.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या महापुराने आपल्या तालुक्यातील अनेक गावांना वेढा घातला. माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. त्या दिवसांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून शिधा आला, याबद्दल आपण सर्वांनी कृतज्ञ असले पाहिजे. पण दातृत्वही पुरासारखेच असते. ते लोंढ्याने येते आणि लोंढ्याने ओसरते. रोजच्या भुकेला मात्र ठिबकत राहणारे पाणी लागते.

इतरांनी काय केले

गरजूंसाठी अन्न साठवून ठेवणारी पहिली अन्नपेढी अमेरिकेतील फिनिक्स शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी सुरू केली, असे मानले जाते. बँकेत जसा पैसा ठेवावा तसे ज्याच्याकडे अन्न उरते त्याने ते ठेवावे आणि ज्याला लागते त्याने न्यावे, ही साधी कल्पना. आपल्या मराठवाड्यात तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१५ च्या डिसेंबरात युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. दररोज दोन पोळ्या आणि भाजी आणून देणारी घरे हेच तिचे ठेवीदार. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी २०१७ च्या अखेरीस अशाच नावाने काम उभे केले. त्याआधी मुंबईच्या डबेवाल्यांपैकी काहींनी लग्नसमारंभांतील उरलेले अन्न उपाशी माणसांपर्यंत नेण्याचा उपक्रम केला होता. मावळ-खेड-जुन्नरकडची ही मंडळी; त्यांचा व्यवसायच मुळी दुसऱ्याचे जेवण घेऊन वेळेवर धावण्याचा.

लंडनमध्ये २००९ साली आयव्हो गॉर्मली यांनी सुरू केलेल्या गुडजिम या संस्थेने याच विचाराला धावण्याची जोड दिली. व्यायामशाळेत जागच्या जागी शक्ती खर्च करण्यापेक्षा ती कोणाच्या तरी उपयोगी का पडू नये, हा तिच्या संस्थापकाचा प्रश्न. तेथे धावणाऱ्यांचा गट एकत्र निघतो, धावत एखाद्या अन्नपेढीत किंवा बागेत जातो, तेथे डबे लावणे, पेट्या उचलणे, तण काढणे अशी कामे करतो आणि धावत परत येतो. काही जण ठरलेल्या दिवशी एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरी धावत जातात. त्या वृद्धाला तेथे ‘लाभार्थी’ म्हणत नाहीत. त्याला धावणाऱ्याचा ‘प्रशिक्षक’ म्हणतात. कारण तो वाट पाहतो, म्हणून याला पावसातही धावावे लागते. उपकाराचे ओझे कोणावर पडू न देण्याची ही रीत मोठी समंजस आहे.

परक्या झाडाचे कलम नव्हे

हे विलायतेचे वेड आपल्याकडे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु थोडा विचार केला, तर हे आपल्याच मातीतले आहे. पैठणहून निघणारी संत एकनाथ महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीला आपल्या तालुक्यातून जाते. अनाळा आणि परंडा येथे तिचा मुक्काम असतो. हजारो माणसे एका चालीने चालतात आणि वाटेवरची गावे त्यांना जेवू घालतात. माउलींच्या सोहळ्यात वेळापूरच्या अलीकडे वारकरी उतारावरून पंढरीच्या ओढीने धावत सुटतात, त्याला ‘धावा’ असे नावच आहे. शरीराचे श्रम, समूहाची लय आणि अन्नदान या तीन गोष्टी आपल्या परंपरेत कधीच वेगळ्या नव्हत्या.

आपल्याच तालुक्यात सीनेकाठी डोमगावला समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ आहे. गुरूंसाठी उरमोडीचे पाणी मोठ्या हंड्यांतून ते सज्जनगडावर चढवीत, असे परंपरा सांगते; ते हंडे आजही गडावर दाखवितात. बळ कमवावे ते कोणासाठी, याचे उत्तर त्या हंड्यांत आहे. आणि अन्नपेढीचे म्हणाल, तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाहून वेगळी अन्नपेढी ती कोणती? घरच्या बाईने दळणाला बसताना मूठभर धान्य बाजूला काढावे आणि त्या मुठींवर वसतिगृहातील पोरांनी शिकावे, या व्यवस्थेतून रयतेची एक पिढी उभी राहिली.

पिशवी आणि वही

मग परंड्यात नेमके काय करता येईल? मोठी संस्था, इमारत, फलक यांची गरज नाही. शहरातील हॉटेलांप्रमाणे उरलेले शिजवलेले अन्न येथे फारसे नाही आणि उन्हाळ्यात ते टिकतही नाही. तेव्हा आपली पेढी कोरड्या शिध्याची असावी: ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, थोडे तेल. एखाद्या शाळेची किंवा देवळाची खोली, एक तराजू आणि उंदीर शिरणार नाहीत असे चार पत्र्याचे डबे एवढे पुरे. महिन्याला एक किलो देणारी शंभर घरे मिळाली, तर शंभर किलो शिधा होतो. एका एकट्या म्हाताऱ्या माणसाला महिन्याला तीन-चार किलो जोड दिली, तरी पंचवीस-तीस ताटांना आधार होतो.

धावणाऱ्यांनी आठवड्यातून एक पहाट द्यावी, सातही नको. त्या पहाटे नेहमीच्याच अंतराची, पण वस्तीकडे जाणारी वाट घ्यावी. ओझे सायकलवर एकाने न्यावे. बाकीच्यांनी धावत जावे, दारात पाच मिनिटे बसावे, विचारपूस करावी आणि धावत परत यावे. मुलींचा गट असेल, तर त्यांच्याबरोबर एखादी शिक्षिका किंवा थोरली बहीण असावी आणि उजाडल्यावरच निघावे. सरावात खंड पडत नाही, अंतर तेच राहते. फक्त धावेला टोक येते.

मात्र पिशवीइतकीच महत्त्वाची दुसरी वस्तू आहे. ती म्हणजे वही. कोणत्या आजीचा अंगठा उमटला नाही, कोणाचे नाव शिधापत्रिकेतून गळाले, कोणाचे निराधार योजनेचे अनुदान थांबले, हे धावणाऱ्यांनी त्या वहीत लिहून आणावे. मुलांचे काम येथे संपते आणि आपले, म्हणजे शिक्षकांचे आणि कारकुनांचे, काम येथे सुरू होते. अर्ज कसा लिहावा, कोणता कागद जोडावा, तहसिलातील पुरवठा शाखेत तो कोणत्या मेजावर द्यावा, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? तरुणांचे पाय आणि आपली लेखणी एकत्र आली, तर पिशवीने जो महिना भागला, तो पुढील महिन्यापासून हक्काच्या धान्याने भागू लागेल.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप सहज येईल. अन्न पुरविणे हे सरकारचे कर्तव्य आहे. लोकांनी ते अंगावर घेतले, तर सरकारला पाय पसरायला जागा मिळेल. हा आक्षेप बिनबुडाचा नाही. श्रीमंत देशांतही अन्नपेढ्या तात्पुरत्या म्हणून निघाल्या आणि कायमच्या होऊन बसल्या. म्हणूनच वहीचा आग्रह. जी पेढी नुसते वाटप करते ती दानधर्म करते. जी वाटपाबरोबर हक्काचा पाठपुरावा करते ती नागरिकत्वाचे काम करते. आपल्या यादीतील नावे दरवर्षी कमी होत गेली पाहिजेत, हीच या कामाची कसोटी ठरवावी. आणि देताना छायाचित्र काढू नये, हे निराळे सांगावयास नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रस्तुत लेखकाला एका विद्यार्थ्याने ऐकविला. वर्गात ही कल्पना बोलून दाखविली, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, आम्ही शिधा पोचवू, पण आम्ही पहाटे काय खाऊन धावतो, ते तुम्ही कधी विचारलंत का?” तो दररोज रात्रीच्या भाकरीवर धावत होता. त्याचे आई-वडील त्या वेळी कारखान्याच्या तळावर होते आणि घरी तो व त्याची आजी अशी दोघेच. ज्या दारात शिधा पोचवावा असे आम्ही म्हणत होतो, ते दार त्याच्या घराचे होते.

त्या प्रश्नाने या लेखकाचा हिशेब चुकला हे मान्य केले पाहिजे. परदेशात धावणारा बहुधा पोट भरलेला असतो. वाढलेले वजन उतरविण्यासाठी तो धावतो आणि सवड म्हणून सेवा करतो. आपल्याकडे धावणारा आणि उपाशी राहणारी बहुतेक वेळा एकाच छपराखाली राहतात. अशा मुलाकडून फुकट श्रम मागणे आणि त्याला सेवेचे गोंडस नाव देणे हा शुद्ध अन्याय होईल. म्हणून पेढीच्या हिशेबात पहिली नोंद धावणाऱ्यांच्या नावे पडली पाहिजे. धावून आल्यावर प्रत्येकाला मूठभर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा. शक्य तेथे एक अंडे किंवा पेलाभर दूध. हे बक्षीस नव्हे, मेहेरबानीही नव्हे. कामावरच्या माणसाला दिलेली ती न्याहारी आहे. आपल्या शेतात खुरपणीला आलेल्या बाईला आपण दुपारी कालवण देतो, तशीच.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत चालू आहे. तीत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तासांचे काम करावे, अशी अपेक्षा असते. हे तास या कामासाठी मोजता आले, तर मुलांच्या पदरी एक प्रमाणपत्रही पडेल. आणि भरतीत नाव न लागलेल्या मुलाला, चार वर्षे गावाची वाट-वस्ती तोंडपाठ केल्यावर, आपण अगदीच वाया गेलो असे वाटणार नाही, हा लाभ कोणत्याही कोष्टकात मांडता येत नसला तरी थोडा नव्हे.

राहिला प्रश्न आपला. परंड्यात दरमहा पगार घेणारी शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी अशी घरे कमी नाहीत. पहाटे ती मुले आपल्या खिडकीखालून धावत जातात, तेव्हा आपण कूस बदलतो. त्यांच्याबरोबर धावण्याचे आपल्यापैकी बहुतेकांचे वय राहिले नाही. पण महिन्याला एक किलो डाळ देण्यास आणि आठवड्यातून एकदा तहसिलात जाऊन एका अर्जाचा पाठपुरावा करण्यास वयाची अट नाही. या दिवाळीनंतर घरांना पुन्हा कुलपे लागतील. त्याआधी एक खोली, चार डबे आणि एक वही एवढी जमवाजमव झाली, तर त्या मागच्या बाकावरील मुलाच्या प्रश्नाला निदान उत्तराची सुरुवात तरी होईल.